हळदीचा पिवळा

हळदीच्या कार्यक्रमात मी व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवत नाही. ऑटो समोर दिसणाऱ्या रंगांवरून उजेडाचा अंदाज बांधतो. नवरीच्या गालाला हळद, अंगावर पिवळी साडी, मागे झेंडूच्या माळा. त्याची समजूत होते की उजेडच पिवळा आहे. मग तो निळ्याची भर घालतो आणि दाट ओली हळद पार फिकी पडते.

त्यापेक्षा केल्विनचा आकडा आपणच द्यावा. भर दुपारी अंगणात ५२०० ते ५५००, घराच्या सावलीत ७०००च्या पुढे. नवी मुलं इथे हमखास अडतात. उजेड जितका निळा तितका त्याचा आकडा मोठा. मग कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो उबदार का होतो? कारण आकडा देऊन आपण कॅमेऱ्याला बाहेरचा उजेड कसा आहे ते सांगतो. उजेड निळा आहे म्हटल्यावर तो पिवळं मिसळून हिशेब जुळवतो.

काही जण भटजींच्या पांढऱ्या धोतरावरून माप घेतात. ते टाळावं. नीळ दिलेलं धोतर मुळात पांढरं नसतं, निळसर असतं. त्यावर बेतलेला फोटो पिवळटतो. करवलीच्या हातात ग्रे कार्ड द्यावं आणि ते नवरीच्या चेहऱ्याजवळ धरायला सांगावं.

खरी कसोटी देवघरात. खिडकीतून दिवसाचा उजेड, वर पिवळा बल्ब. नवरीचा एक गाल निळसर, दुसरा नारिंगी. दोन्हींना पुरेल असा आकडा नाही. रॉमध्ये टिपलं तरी नंतर सरकवणार ते सगळी चौकट एकदमच. बल्ब बंद करू का विचारलं, तर आजी म्हणतात, “शुभकार्यात दिवे कसले मालवताय?” मग मी ४०००च्या आसपास थांबतो. चेहरा थोडा नारिंगी राहतो, खिडकी थोडी निळी. चेहऱ्यावरचा नारिंगीपणा लोक चालवून घेतात. निळा चेहरा कुणालाच नको असतो. समईची मात्र काळजी नाही. तिची ज्योत २०००च्याही खाली आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा आकडा सुरू होतो २५००पासून. ती सोनेरीच राहते.

संगीताच्या रात्री डीजेचे निळे एलईडी लागले की हे सगळं शास्त्र संपलं. त्या उजेडात लाल जवळपास नसतोच, तर कातडीचा रंग आणणार कुठून? ते फोटो मी सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून देतो. गिऱ्हाईक म्हणतं, “वा, काय आर्टिस्टिक!”