रात्रपाळीची मावशी

आयला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मासेमारी बंदी लागायला आठवडाही उरला नव्हता. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, त्यामुळे दोघे भाऊ घरी होते. तिला उचलणं, कूस बदलणं, संडासला बसवणं ही ताकदीची कामं त्यांनी केली. ऑगस्ट लागला, बर्फ-डिझेल भरून बोटी निघाल्या आणि घरात उरलो मी आणि वहिनी. वहिनी पहाटे लिलावासाठी ससून डॉकला जाते, तिथून बाजारात. माझी नोकरी नरिमन पॉइंटला. कफ परेडच्या मच्छीमार नगरातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पोटमाळा. ब्युरोतून बाई आणून पाहिली. दिवसाच्या बायका चार दिवसांत बदलायच्या आणि रात्रीच्या बाईला अंग टाकायलाही जागा नव्हती. आयला कुठेतरी ठेवायचं, हे आम्ही चौघांनी मिळून ठरवलं.

कोळीवाड्यात लोक बोलू लागले. "आयशीला बाहेर ठेवली" हे वाक्य पाण्याच्या नळावरही ऐकलं. जी बाई जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन कुलाब्याच्या बाजारात गेली, तिला तिचीच माणसं परक्या हातात देतात, हा त्या बोलण्याचा अर्थ. मला तो मान्य नाही. दिवसभर ओल्या चादरीवर एकटी पडलेली आय घरात आहे म्हणून ती सांभाळली गेली, असं म्हणता येत नाही. कुठे ठेवली यापेक्षा तिथे तिचं काय होतं, हे पाहायला हवं. आणि ते पाहायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

थोडं शिकवलं ते जीटी हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरने, आयला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी. तिने माझं बोट धरून आयच्या माकडहाडापाशी टेकवलं. टाचा, खुबे, माकडहाड, ही तीन ठिकाणं रोज बघ, म्हणाली. लाल डाग दिसला तर बोटाने दाब. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर आत जखम सुरू झाली. आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून तिथे गरम लागतं का, घट्ट लागतं का तेही हाताने बघायचं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. भरवताना पाठ सरळ हवी आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. आयची वाचा गेलेली. "हो" आणि "नको" एवढंच येतं, तेही कधी उलट. अशा माणसाची तक्रार त्याच्या कातडीवर उमटते, आणि ती वाचायला त्या सिस्टरने मला शिकवलं.

शोध सुरू झाला तेव्हा कळलं की दक्षिण मुंबईत अशा जागा मिळतच नाहीत. इथल्या भाड्यात कोण चालवणार? फोन नंबर मिळायचे ते दहिसर, वसई, पनवेल, बदलापूर, कर्जतचे. कर्जतची जागा खरंच सुंदर होती, झाडं, मोकळा व्हरांडा, हवा. पण कफ परेडहून तिथे जायचं तर अख्खा दिवस मोडणार, म्हणजे महिन्यातून एकदा, तेही फोन करून. ज्या जागी मुलगी कामावरून सुटल्यावर न सांगता जाऊ शकत नाही, त्या जागेचं काय चाललंय हे तिला कधीच कळणार नाही. अंतर हा मी पहिला निकष धरला आणि कर्जत सोडलं.

कागद पाहिले. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्यात येते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही लावणं बंधनकारक केलं. बऱ्याच केअर सेंटरवाल्यांनी मला सांगितलं की आमचा ट्रस्ट आहे, आम्हाला ते लागत नाही. नाकातून नळी घातलेली, लघवीची पिशवी लावलेली माणसं आत ठेवायची आणि नोंदणी लागत नाही म्हणायचं, हे मला पटलं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे, तिथेही विचारलं. माहिती मिळाली, पण कोणती जागा चांगली, हे फोनवरचं माणूस कसं सांगणार?

एका ठिकाणी एसी होता, स्वागताला हसरी मुलगी होती, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो होते. आतल्या खोलीत एक आजोबा आडवे पडलेले आणि आया उभ्याने त्यांच्या तोंडात पेज ओतत होती. ते खोकत होते, ती पुढचा चमचा भरत होती. मी तिथूनच परत फिरले. दुसऱ्या एका जागी कूस बदलल्याची नोंदवही दाखवली. प्रत्येक पेशंटचं पान, दर दोन तासांनी सही. मी पान उलटलं तर उद्याच्या तारखेवरही सह्या होत्या.

त्या वहीमुळे मी हिशेब करायला शिकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस नीट बदलायची, डायपर बघायचा, चादर ओढून सरळ करायची, तर दहा मिनिटं धरा. एका मावशीकडे असे चौदा पेशंट असतील तर एक फेरी पूर्ण व्हायला एकशे चाळीस मिनिटं लागतात. दोन तासांत ती फेरी होणारच नाही, ती बाई कितीही प्रेमळ असो. मग वहीत काहीही लिहिलेलं असू दे. म्हणून मी मॅनेजरला "काळजी कशी घेता" हे विचारायचं सोडून दिलं. रात्री किती मावश्या, किती पेशंट, त्यातले किती झोपून असलेले, एवढंच विचारायचे. आणि मग त्या मावश्यांशी बोलायचे. ड्युटी किती तासांची? इथे किती दिवस झाले? जेवलात का? पगार वेळेवर होतो का? बारा-बारा तासांच्या पाळ्या करून, बदलीवाली आली नाही म्हणून पुढची पाळीही ओढणारी बाई रात्री तीन वाजता आयला हळू हाताने वळवेल, अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडाने करायची? आयचं अंग जिच्या हातात जाणार, तिचं बरं चाललंय का हे मला आधी कळायला हवं होतं.

मासळीचा प्रश्न राहिलाच. चांगली चालवलेली, दरही परवडेल अशी एक जागा निव्वळ शाकाहारी होती. बाहेरून डबा आणायलाही मनाई. तिथल्या बाई समजुतीने म्हणाल्या, "या वयात काय, हळूहळू सवय होते." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण वरणभाताला आय ओठ मिटून घेते आणि बोंबलाच्या कालवणात कालवलेला मऊ भात दिला की वाटी संपवते. गिळायला त्रास असलेल्या माणसाने पोटभर खाणं ही औषधाइतकी मोठी गोष्ट आहे. अंगावर मांस राहिलं तर हाडाखालची कातडी टिकते. बोंबील मऊ, मधला काटा एका ओढीत निघतो, उरलेलं बोटांनी चाचपून बघायचं. आयला मासळी मिळणं हा मी काळजीचाच भाग धरते, लाड नाही. ती जागा आम्ही नाकारली.

शेवटी ठेवली ती वसईकडच्या एका लहान जागेत. इमारत जुनी, भिंतीला ओल, स्वागताला कोणी नाही. मी मुद्दाम रात्री नऊनंतर गेले होते. दार उघडलं ते रात्रपाळीच्या मावशीने, हातात मोजे. "पाच मिनिटं बसा ताई, आजीचं बदलतेय," म्हणाली आणि पडदा ओढून घेतला. पडद्याआडून तिचा आवाज येत होता, "आता या कुशीवर हं आजी, उजवा हात मी धरते." पुढे काय करणार ते ती आधी सांगत होती, उत्तर येणार नाही हे माहीत असून. लघवीचा भपकारा नव्हता, फिनाईलचाही नव्हता. पाण्याचे पेले हाताला लागतील असे ठेवलेले. म्हाताऱ्यांची नखं कापलेली. सोळा पेशंट, त्यातले आठ झोपून, रात्री दोन मावश्या. माझा हिशेब बसला. स्वयंपाकीण वसईचीच, रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा मासळी.

तिथे आयला ठेवल्यावरही मी बघणं सोडलेलं नाही. एकदा डाव्या टाचेवर लाली दिसली. दाबली तर जाईना. मी तिथल्या सिस्टरकडे गेले तर तिने वही पुढे केली. सकाळच्या पाळीतच नोंद झाली होती, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्यायची सूचनाही लिहिलेली. दोष निघणारच, पण त्यांना तो माझ्या आधी दिसला, म्हणून माझा विश्वास बसला. पुढच्या जूनमध्ये, बोटी लागल्यावर, आयला बंदीपुरती घरी आणली तेव्हा तीच वही आम्ही सोबत मागून घेतली आणि भावांनी त्यात भर घातली.

सध्या तिथे एक अडचण आहे. दोनपैकी एक मावशी गावी गेली ती परतली नाही आणि उरलेली एकटीच रात्र काढते आहे. आम्ही काही नातेवाईक मिळून मालकांशी बोललो. दुसरी बाई ठेवायची तर महिन्याचे पैसे वाढवावे लागतील, असं ते म्हणाले, आणि खर्चाचा कागद समोर ठेवला. आम्ही काही जण तयार आहोत. दोन घरांना ते जमणारं नाही, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांना हलवायला दुसरी जागाही नाही. त्यांचा वाटा बाकीच्यांनी वाटून घ्यावा असं मी सुचवलं, भाऊही तयार आहेत. बाकीच्यांतल्या दोन घरांनी विचार करायला वेळ मागितला आहे. तोवर आठवड्यातल्या दोन रात्री वहिनी आणि मी आळीपाळीने तिथे झोपायला जातो. रविवारी पुन्हा सगळे बसणार आहोत.