बांधावरची वाट

आमचे घर तलवाडा गावात नव्हते. ते गावाबाहेर, शेतातल्या एका वस्तीवर होते. चार घरे, एक विहीर, दोन कडुनिंब आणि भोवती दूरवर पसरलेली काळी जमीन, एवढीच ती वस्ती. तलवाडा हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले गाव. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते. आमच्या वस्तीभोवतीचा मुलूख अगदी सपाट. डोंगर चढायचा नाही की दरी उतरायची नाही. चालणाऱ्याला याहून सोपी जमीन मिळणे कठीण. तरीही चालण्याविषयीचा सर्वांत मोठा धडा मी याच सपाट जमिनीवर शिकलो.

वस्तीपासून शाळेपर्यंतचे अंतर पायी पाऊण तासाचे होते. मी, माझी मोठी बहीण आपा आणि शेजारच्या घरांतली पाच मुले असे आम्ही सात जण रोज सकाळी निघत असू. प्रथम पांदण लागे. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी आणि मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. पांदण संपली की तात्यांच्या शेताचा बांध सुरू होई. बांधावरून एकामागे एक असेच चालावे लागे. बांध संपला की गायरानाचा मोकळा माळ. माळ ओलांडला की ओढा आणि ओढ्यापलीकडे गाव.

या वाटेत मला माळ फार आवडे. तिथली जमीन मुरमाड. कितीही पाऊस झाला तरी पाय रुतत नसत. कुसळीचे गवत, तरवडाची पिवळी फुले आणि बोरीची झुडपे यांखेरीज तिथे फारसे काही उगवत नसे. परक्या माणसाला वाटावे, ही ओसाड जागा आहे. पण आम्ही चालू लागलो की पायांजवळून चंडोल भुर्रकन वर उडे आणि उंच जाऊन गाऊ लागे. टिटवी ओरडून आपल्या अंड्यांपासून आम्हांला दूर नेऊ पाही. थंडीच्या दिवसांत कधीकधी दूरवर हरणांचा कळप दिसे. आम्ही थांबलो की तीही थांबत आणि माना वर करून आमच्याकडे पाहत.

वाट एकच, पण ऋतूंप्रमाणे तिचे रूप बदले. पावसाळ्यात काळी माती चपलांना अशी चिकटे की प्रत्येक पाऊल जड होई. मग आम्ही चपला हातात घेऊन चालत असू. हिवाळ्यात दोन्ही बाजूंची ज्वारी आमच्या डोक्यावर जाई आणि दवाने कपडे भिजत. ज्वारी काढली की शेतात धसकटे उरत. बांध सोडून आत पाय टाकला की ती तळपायात घुसत. उन्हाळ्यात जमिनीला एवढ्या भेगा पडत की त्यांत पाटीवरची पेन्सिल पडली तर ती गेलीच म्हणून समजावे.

संध्याकाळी परत येताना पांदणीच्या तोंडाशी दादी उभी असे. तिला घरात बसवत नसे. ती म्हणे, "मैं तुम्हारी राह देख रही थी." शाळेत मराठीच्या गुरुजींनी 'वाट पाहणे' हा वाक्प्रचार शिकवला, तेव्हा मला दादी आठवली. उर्दूत 'राह देखना' आणि मराठीत 'वाट पाहणे'. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली होती. येणाऱ्या माणसासाठी थांबायचे म्हणजे त्याच्या वाटेकडे डोळे लावायचे.

मी सातवीत असताना, १९९१ च्या हिवाळ्यात, एका सकाळी आमची वाट बंद झाली.

पांदण संपवून आम्ही पुढे आलो, तर बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचलेल्या. पलीकडे पाहिले, तर बांधही जवळजवळ उरला नव्हता. तात्यांनी ट्रॅक्टरने तो कडेपर्यंत नांगरून घेतला होता. आम्ही हाका मारल्या. तात्या लांबूनच म्हणाले, "सडकेनं जा. इकडून आता वाट नाही."

सडकेने शाळा जवळजवळ दुप्पट लांब पडे. शिवाय ते उसाच्या हंगामाचे दिवस होते. सडकेवरून उसाचे ट्रक आणि बैलगाड्या सारख्या ये-जा करत. चालायला वेगळी कड नव्हती. दोन दिवस आम्ही तसेच गेलो. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचायला अंधार पडला. त्या रात्री अब्बा आपाला म्हणाले, "वाट मोकळी होईपर्यंत तू घरीच राहा."

आपा तेव्हा नववीत होती. ती काहीच बोलली नाही. तिने दप्तर उचलून खुंटीला अडकवले. वस्तीवरच्या आणखी दोन मुलींचीही शाळा त्याच दिवशी थांबली. आम्ही मुलगे मात्र सडकेने जात राहिलो. एक बांध नांगरला गेला, तर सातांतल्या तिघींची शाळा सुटली. तीन-चार दिवसांसाठी म्हणून घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत जातेच असे नाही, हे आपाला माहीत होते.

अब्बा चिडले होते. ते म्हणाले, "गेवराईला जातो आणि तहसीलदारांकडे अर्ज देतो. वहिवाटीची वाट अशी बंद करता येत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. शेताच्या बांधावरून शेतकऱ्याला रस्ता मिळावा, यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १४३ वे कलम आहे. गावाच्या नकाशावर जुने पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेले असतात.

दादीने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "अर्ज जरूर दे. पण आधी त्याच्या घरी जाऊन ये. त्याचं किती नुकसान झालं, ते तरी विचार."

अब्बा गप्प राहिले. तेव्हा दादी स्वतःच निघाली. काठी टेकत ती तात्यांच्या घरी गेली. मी तिच्याबरोबर होतो.

दादीने ओसरीवर बसून पाणी घेतले आणि विचारले, "लेकरा, आमच्या पोरांनी तुझं किती खाल्लं?"

तात्यांना या प्रश्नाची अपेक्षा नसावी. ते थोडा वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "चाची, खाण्याचं मी बोलत नाही. पोरांनी दोन ढाळे उपटले तर काय बिघडतं? पण पावसाळ्यात बांधावर चिखल झाला की ही पोरं खालून चालतात. एक तास तुडवतात, मग दुसरं तुडवतात. दर वर्षी वाट रुंद होते आणि माझं पीक मागं सरतं. आम्हा भावांत वाटणी झाली. माझ्या वाट्याला ही एक पट्टी आली. तीही वाटेत घालवू का?"

मी मान खाली घातली. ते खरे होते. चिखल टाळण्यासाठी आम्ही पिकात पाय टाकत होतो. हरभऱ्याचे ढाळे उपटून खाण्यात मी सर्वांच्या पुढे होतो. आजवर मला वाटत होते की वाट आमची आहे. ती कोणाच्या तरी शेताची कड आहे, हे माझ्या मनातच आले नव्हते.

त्यामागे आणखीही एक कारण होते, ते मला पुढे कळले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जाते. जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस आला आणि जमिनीला मोल आले. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, तसे प्रत्येकाला हातभर जागाही मोलाची वाटू लागली. मग बांध दोन्ही बाजूंनी कोरले जाऊ लागले.

दादी म्हणाली, "तुझं पीक वाचलं आणि पोरींची शाळाही वाचली, असं काही होईल का?"

तोडगा निघाला तो असा. तात्यांनी बांधाच्या कडेने दोन तासांची जागा सोडायची. आम्ही त्यावरून एकामागे एक चालायचे आणि पिकात पाय टाकायचा नाही. पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून त्या जागेवर मुरूम टाकायचा. मुरूम आमच्याकडे होता. विहीर खोदताना निघालेला ढीग कित्येक वर्षे तसाच पडून होता.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही सातही जण घमेली घेऊन निघालो. अब्बांनी ढीग खणून दिला. आम्ही डोक्यावरून मुरूम वाहिला. दुपारी तात्या स्वतः फावडे घेऊन आले आणि मुरूम सारखा पसरू लागले. ते अब्बांशी फारसे बोलले नाहीत. पण जाताना बाभळीच्या काट्या त्यांनी आपल्या हाताने बाजूला ओढल्या. दुसऱ्या दिवशी आपाने खुंटीवरचे दप्तर काढले. पुढच्या वर्षी ती दहावी पास झाली. आमच्या वस्तीवरून दहावी झालेली ती पहिली मुलगी.

मोठेपणी मी इंग्लंडमधील पायवाटांविषयी वाचले. तिथे खाजगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरावी लागली, तर पहिल्या नांगरटीपासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी, असा तिथे १९९० चा कायदा आहे. शेताच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही. वाचून आनंद झाला. असे नियम हवेतच. ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याला कायद्याचाच आधार असतो. पण मला वाटते, नकाशावरची रेषा चालणाऱ्याला वाट मागण्याचा हक्क देते, आणि ती वाट वर्षानुवर्षे मोकळी ठेवतात ती दोन्हीकडची माणसे. एकाने थोडी जागा सोडावी लागते, दुसऱ्याने पाय सांभाळून टाकावा लागतो.

मुलांनो, तुमच्या गावाजवळही अशी एखादी सोपी वाट असेल. कधी सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघा. बरोबर पाणी घ्या. उभ्या पिकात शिरू नका. वाटेत फाटक लागले तर ते जसे होते तसे पुन्हा लावा. शेतात कोणी दिसले तर थांबून दोन शब्द बोला. ही वाट कोठे जाते, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

मागच्या पावसाळ्यात मी वस्तीवर गेलो होतो. दादी आता नाही. तात्याही नाहीत. त्यांचा मुलगा शेत पाहतो. पांदणीतून पुढे गेलो, तर काळ्या मातीत तांबूस मुरमाचा पट्टा अजून दिसत होता. तो दोन तासांएवढाच होता, कमी नाही आणि जास्तही नाही. समोरून शाळेच्या दोन मुली येत होत्या. मला पाहून त्या पिकात उतरल्या नाहीत. पट्ट्यावरच एकामागे एक थांबल्या. मीच दोन पावले मागे सरून पांदणीत उभा राहिलो आणि त्यांना वाट दिली.