अनामत

“ही रक्कम आम्ही घेत नाही, फक्त राखून ठेवतो,” असे त्या तरुणाने मला तीनदा सांगितले. तिसऱ्या खेपेस त्याच्या आवाजात मास्तरकीतली सहनशीलता होती, आणि तीस वर्षे मीही तीच वापरत आलेलो असल्याने ती मला चटकन ओळखू आली.

२०२४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. मुलगी एडिंबऱ्याला नोकरी करते. आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो आणि तिथून पाच दिवस उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख पाहून यावा असा बेत होता. मुलीला गाडी चालवता येत नाही. मला येते, तिकडे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि पाहुण्याला भारतीय परवान्यावर वर्षभर गाडी हाकण्याची मुभा आहे. तेव्हा सारथ्य माझ्याकडे आले. भाड्याचे २४० पौंड मुलीने आपल्या डेबिट कार्डाने आधीच भरले होते. आता केवळ किल्ली घ्यायची, अशा समजुतीने मी विमानतळावरच्या त्या खिडकीशी उभा राहिलो, तर तिथे आणखी १,२०० पौंडांचा प्रश्न निघाला. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपये. तेही मुलीच्या कार्डावर चालणार नव्हते. ज्याच्या हाती गाडी त्याच्याच नावाचे कार्ड हवे, आणि ते क्रेडिट कार्डच हवे. प्रवासासाठी मुद्दाम पौंड भरून आणलेले माझे प्रीपेड कार्ड त्याने दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवले.

शेवटी खिशातले एकुलते क्रेडिट कार्ड निघाले. त्यावर परदेशातले व्यवहार बंद होते. (२०२० पासून आपल्याकडे नवे कार्ड तसेच येते, परदेशासाठी ते आपण होऊन उघडावे लागते.) फोनवर ते उघडले आणि १,२०० पौंड राखले गेले. माझी पत दोन लाखांची. तिसऱ्या दिवशी इन्व्हरनेसच्या हॉटेलात तेच कार्ड नाकारले गेले तेव्हा ‘फक्त राखून ठेवतो’ या वाक्याचा अर्थ मला कळला. हॉटेलचे पैसे पत्नीने दिले आणि त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

कार्डाचा व्यवहार आपल्याला एक वाटतो. तो असतो दोन. पहिल्यात दुकानदार बँकेला विचारतो की या गृहस्थाकडे इतके आहेत काय, आणि असतील तर ते बाजूला काढून ठेवा. दुसऱ्यात तो ते प्रत्यक्ष उचलतो. रोजच्या खरेदीत हे दोन टप्पे इतके लगोलग येतात की सांधा दिसत नाही. मोटारीच्या बाबतीत पहिला टप्पा होतो आणि दुसरा लोंबकळत राहतो. गाडी धड परत आली तर तो कधी येतच नाही. काही दिवसांनी ती राखण सुटते. किती दिवसांनी, हे कंपनी मोकळीक केव्हा कळवते आणि आपली बँक ती केव्हा मनावर घेते यावर अवलंबून. क्रेडिट कार्डावर अडकते ती आपली पत. डेबिट कार्डावर अडकतात ते खात्यातले रोकडे पैसे, ज्यांतून घराचा हप्ता जायचा असतो. कंपनीला क्रेडिट कार्ड प्रिय असते ते मात्र आपल्या काळजीपोटी नव्हे. मागाहून वेगमर्यादेच्या दंडाची चिठ्ठी आली तर वसुलीला तो दरवाजा उघडा राहतो.

१,२०० हा आकडाही हवेतून आलेला नव्हता. गाडीचा विमा भाड्यात असतोच, पण नुकसानीचा पहिला वाटा भाडेकरूने सोसायचा असतो, आणि राखलेली रक्कम त्या वाट्याइतकी असते. रोजचे २५ पौंड जादा भरलेत तर तो वाटा जवळजवळ नाहीसा होईल आणि २०० पौंड राखून भागेल, असे तरुणाने सुचवले होते. पाच दिवसांचे १२५ पौंड, आणि हे मात्र परत न येणारे. मी नको म्हटले. बाहेरच्या विमा कंपन्या असे संरक्षण पुष्कळ स्वस्तात देतात. पण ते आधी तुम्ही भरा, मग आम्ही तुम्हांला देऊ, या जातीचे. खिडकीवरची राखण त्याने पैशानेही कमी होत नाही.

काही ठिकाणी रक्कम राखत नाहीत, खरोखरच कापून घेतात आणि पुढे परत करतात. दोहोंना नाव एकच, डिपॉझिट. पण दुसऱ्या प्रकारात रुपयांचे पौंड आणि पौंडांचे रुपये असे दोन निरनिराळे व्यवहार होतात, निरनिराळ्या दिवसांच्या दराने, आणि जाताना बँक परकीय चलनाचा आकार लावते तो वेगळाच. १,२०० जाऊन १,२०० परत येतात. रुपयांत मोजावे तर बहुधा कमी भरतात. सही करण्याआधी कागदावरचे क्रियापद पाहावे, एवढेच सांगतो.

त्या क्रियापदाला मराठी काय, हा विचार मग गाडी चालवताना माझ्या डोक्यात घोळत राहिला. गहाण म्हणावे तर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाते. इसार ही सौद्याची खूण. माघार घेतली की तो बुडतो. पागडी हा खास आमच्या मुंबईचा शब्द, आणि डोक्यावरची पागडी कोणी परत देत नाही. कायद्याच्या मराठीत धारणाधिकार असा एक शब्द आहे; पण तो भाडे देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. उरला अनामत. मूळ अरबी ‘अमानत’. मराठीने त्यातल्या म-न ची अदलाबदल केली, वर्णविपर्ययाचे उदाहरण म्हणून मी तो वर्गात फळ्यावर लिहितो. ईमान आणि अमीन हे त्याचे सख्खे भाऊ. विश्वासाने सोपवलेली वस्तू, हा त्याचा अर्थ. आज तो विश्वास नसल्यामुळे मागितलेल्या रकमेला चिकटला आहे आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी ‘जप्त’च्या शेजारी छापून येतो. शीव कोळीवाडा हा आता विधानसभेचा मतदारसंघ आहे. तिथेही उमेदवाराला १०,००० रुपये ठेवावे लागतात आणि वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ते जातात.

पण मला छळत होता तो अनामत नव्हे, दुसराच शब्द. भाडेकरू. मोटारीचा काय आणि खोलीचा काय, मराठीत एकच.

आमचे घर शीव कोळीवाड्यातले. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट जिथे संपत असे ती ही जागा. (इंग्लंडच्या राजाने १६६८ साली हे बेट कंपनीला वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने दिले, माझ्या पाच दिवसांच्या गाडीला त्याच्या चोवीसपट पडले.) फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची वस्ती शेजारीच आहे, आणि ज्या रेल्वे स्थानकाला आम्ही कोळीवाडा म्हणत असू त्याला आज गुरु तेग बहादूर नगर म्हणतात. खाडीतली मासळी आटत गेली तसे आमच्यासारख्यांच्या घरांवर माड्या चढल्या आणि माड्यांवर भाडेकरू आले. वडील लवकर गेले होते. आई मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरे, आणि वरच्या खोलीचे भाडे हा घरातला दुसरा खांब होता.

भाडेकरू ठेवताना ती विलक्षण घाबरे. भाडेनियंत्रणाचा १९४७ चा कायदा तिने वाचलेला नव्हता, पण त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १९७३ साली राहत असलेले परवानाधारकही एका रात्रीत भाडेकरू ठरले, हे तिला गल्लीतल्या उदाहरणांवरून पाठ होते. पागडी उघडपणे घेता येऊ लागली ती १९९९ च्या नव्या कायद्याने, म्हणजे पुढे पुष्कळ वर्षांनी. तेव्हा आईपाशी दोनच आधार होते, अकरा महिन्यांचा कागद आणि अनामत.

१९८६ साली आमच्या वरच्या खोलीत केरळातून आलेली एक परिचारिका राहायला आली. शीवच्या रुग्णालयात कामाला होती. अनामत ३,००० रुपये. रात्रपाळी करून सकाळी येई, जिन्यावर चपला हातात घेऊन चढे, आम्हांला जाग येऊ नये म्हणून. तीन वर्षांनी तिला आखाती देशात नोकरी लागली. जाताना तिला पैशांची निकड होती, हे आईला ठाऊक होते आणि मलाही. आईने मला वही घेऊन बसवले. मी मराठी घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो; माझे अक्षर चांगले होते. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. भिंतीतले सहा खिळे. चुना. नळाची तोटी. खिडकीची तडकलेली काच.

ती काच परिचारिका येण्याच्या आधीच्या वर्षी तडकली होती. चेंडू माझा होता. आईला ते माहीत नव्हते. तिला सांगायची माझी हिंमत कधी झाली नव्हती. त्या दिवशीही झाली नाही.

एडिंबऱ्याच्या तरुणाने मला किल्लीबरोबर एक कागद दिला होता. त्यावर गाडीची चार बाजूंनी रेखाटने होती आणि आधीच्या प्रत्येक ओरखड्याला फुली. शिवाय तो म्हणाला, फोटो काढून ठेवा. मी वीस मिनिटे त्या गाडीभोवती वाकून वाकून फोटो काढले. चाके, काचा, दारांच्या कडा. पत्नी थंडीत कुडकुडत उभी होती. पाचव्या दिवशी गाडी परत केली तेव्हा दुसराच एक माणूस हातात दिवा घेऊन तिला प्रदक्षिणा घालू लागला आणि डाव्या मागच्या दाराशी थबकला. तिथे बोटभर ओरखडा होता. कागदावर त्याला फुली नव्हती. माझ्या फोटोत तो होता, वेळेसकट. माणसाने फोन हातात घेतला, मोठा करून पाहिला, मान डोलावली आणि पुढे गेला.

राखण आठव्या दिवशी सुटली. त्याचा निरोप आला नाही. एके सकाळी कार्डाची शिल्लक पत पूर्ववत दिसली, इतकेच.

आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. मुंबईला परतल्यावर मी तिच्या पेटीतली ती वही काढली. खिळे व गिलावा ६०, चुना ३००, तोटी ४५, काच १४०. एकूण वजा ५४५, देणे २,४५५. अक्षर खरोखरच चांगले आहे. खाली परिचारिकेची सही, आणि सहीच्या आधी तिने रुग्णालयात शिकलेल्या मराठीत लिहिले होते, ‘बाकी मिळाले’. त्यातला ‘ले’ निळ्या शाईने खोडून कोणीतरी त्यावर ‘ली’ केले आहे. ती दुरुस्ती माझ्या हातची आहे.