निरंक

"धुळे शाखेत व्हाउचर पास करायचा अधिकार कोणाला आहे?" असं आमच्या एआय एजंटला विचारलं, तर त्याने ठणकावून सांगितलं, "कोणालाही नाही." तिकडे धुळ्यात सकाळपासून व्हाउचरं धडाधड पास होत होती. चूक एजंटची नव्हती. माझ्या एका ओळीची होती.

मी जळगावात बसून सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहितो. सध्या हातात पतसंस्थेच्या प्रणालीतलं एक छोटं साधन आहे: शाखा किंवा नाव द्या, कोणाकडे कोणती भूमिका आहे आणि त्या भूमिकेला काय काय करता येतं, ते सांगतं. बदलत काहीच नाही, फक्त बघतं. ते वापरणार एजंट. (पतसंस्थेत एजंट म्हणजे दारोदार पिग्मी ठेवी गोळा करणारा. पहिल्या बैठकीतला अर्धा तास या घोळातच गेला.)

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला साधनं जोडायची पद्धत) खुला केला; आमचं साधनही त्यावरच चालतं. त्यात एजंटच्या पुढ्यात साधनाचं नाव, वर्णन आणि काय काय भरून द्यायचं याचा तक्ता येतो. आतला कोड त्याला दिसत नाही. माणसाला वर्णन कळलं नाही तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट बहुधा विचारत नाही, अंदाजाने पुढे जातो.

मी लिहिलं होतं, "शाखेतील वापरकर्त्यांचे अधिकार दाखवते." एजंटने 'धुळे' पाठवलं. जुन्या नोंदींत शाखेचं नाव होतं 'धुलिया', इंग्रजी अमदानीतल्या वळणाचं. साधनाने रिकामी यादी परत केली. दोन चौकोनी कंस, मध्ये काही नाही.

त्या कंसांकडे बघताना मला वडिलांच्या चार्ज याद्या आठवल्या. ते पारोळा तालुक्यात तलाठी होते. (२०२४ मध्ये सरकारने या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं. गाव अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतं. म्हणजे भूमिकेचं जुनं नावही साधनाला ठाऊक हवं, हे आणखी एक काम.) बदली झाली की दप्तर मोजून द्यायचं. यादीत एखाद्या रकान्यापुढे ते 'निरंक' लिहीत, एखाद्यापुढे 'आढळून आले नाही'. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "निरंक म्हणजे मी वही उघडून पाहिली, तिच्यात काही नाही. आढळलं नाही म्हणजे वहीच नाही. दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

अधिकार माणसाला नव्हे, भूमिकेला द्यायचा, ही आमच्या साधनामागची कल्पना १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी संगणकासाठी रीतसर मांडली. आमच्याकडचा शेतकरी चावडीवर आला की आधी विचारतो, "चार्ज कोनाजोडे शे?" माणसाशी त्याला देणंघेणं नाही. फेरफाराची नोंद तलाठ्याने धरायची, प्रमाणित मंडळ अधिकाऱ्याने करायची, हेही त्याला पाठ असतं. पतसंस्थेत तेच: क्लार्क व्हाउचर भरतो, मॅनेजर पास करतो. आणि मॅनेजर रजेवर गेला की चार्ज दुसऱ्याकडे, अमुक तारखेपर्यंत. ती तारीख माझ्या वर्णनात नव्हतीच.

नवं वर्णन ओळीवरून परिच्छेदावर गेलं. "शाखा संकेतांकाने शोधा, नावाने नको. रिकामी यादी आली तर शाखा सापडली आहे, पण अधिकार कोणाकडे नाही. शाखाच सापडली नाही तर वेगळा संदेश येईल. त्यावरून अधिकाराबद्दल निष्कर्ष काढू नका, वापरकर्त्याला संकेतांक विचारा. तात्पुरता चार्ज असल्यास शेवटची तारीख सांगा. हे साधन अधिकार देत नाही किंवा काढत नाही." शेवटचं वाक्य आमच्या प्रोग्रामरला फालतू वाटलं. मी ते ठेवलं. साधन काय करत नाही हे लिहायला डॉक्युमेंटेशनवाले कायम कंजुषी करतात, मीही केली होती.

एक तिसरी अवस्था राहिली होती: अधिकार आहेत, पण विचारणाऱ्याला ते बघायची परवानगी नाही. इथेही रिकामी यादीच जात होती. तिच्यासाठी वडिलांच्या यादीत शब्द सापडला नाही. अशा वेळी त्यांच्या कचेरीत म्हणे शिपाई बाहेर येऊन सांगायचा, "साहेब दौऱ्यावर आहेत."