बूस्टर सीट : मूल 'मोठं' कधी झालं म्हणायचं?

मागच्या आठवड्यात ओपीडीत एका बाबांनी विचारलं, "डॉक्टर, साडेचार पूर्ण झाली. आता बूस्टर चालेल ना?" मी फाइल उघडून डीपीटीच्या बूस्टरची तारीख शोधायला लागले. ते हसून म्हणाले, "लस नाही हो मॅडम, गाडीतली सीट!"

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं. आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि त्याचा मला आनंदच होतो. पण त्या दिवशी उत्तर द्यायला मी जरा जास्त वेळ घेतला. बाहेर पेशंट ताटकळले, रिसेप्शनवरून दोनदा फोन आला. कारण हा निर्णय मी स्वतः एकदा चुकवलेला आहे. बालरोगतज्ज्ञ असून!

माझा मुलगा तेव्हा पावणेपाच वर्षांचा होता, वजन १७ किलो. हार्नेसच्या सीटमध्ये, म्हणजे दोन पट्टे खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक पायांमधून अशा पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये, तो व्यवस्थित मावत होता. पण त्याच्याहून वर्षाने मोठा मामेभाऊ बूस्टरवर बसायला लागला होता. त्यामुळे "मी काय बाळ आहे का?" हे रोज सकाळी ऐकावं लागायचं. शिवाय ते पाच पट्टे अडकवताना माझी कंबर धरायची, हेही कबूल करते. शेवटी बूस्टर आणला. तोही बिनपाठीचा, नुसती उशीसारखी बैठक असलेला, कारण तो स्वस्त होता आणि दोन गाड्यांमध्ये इकडून तिकडे नेता येत होता.

पहिल्याच मोठ्या प्रवासात आम्ही पुण्याहून वाईला, त्याच्या आजोळी निघालो. खंबाटकी घाट चढेपर्यंत साहेब ताठ बसून खिडकीबाहेरचे ट्रक मोजत होते. घाट उतरताना डोळा लागला. सुरूर फाट्याच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला, आमच्याही गाडीला करकचून ब्रेक लागला. धडक झाली नाही. पण मागे वळून पाहिलं तर मुलगा एका कुशीवर कलंडून खाली घसरला होता. खांद्याचा पट्टा काखेखाली गेला होता आणि कमरेचा पट्टा चढून पार बेंबीवर बसला होता.

गाडी बाजूला घेऊन त्याचा शर्ट वर केला. बेंबीच्या वर बोटभर रुंदीचा लाल पट्टा उमटला होता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला त्याचं पोट तपासलं. मऊ होतं, दुखत नव्हतं. त्याला फक्त झोपमोड झाल्याचा राग आला होता. मला मात्र एमडी करत असतानाचा एक मुलगा आठवत होता. सात वर्षांचा, मोठ्यांच्या सीटबेल्टमध्ये बसलेला. अपघातानंतर "काही लागलं नाही, थोडं खरचटलंय" म्हणून घरी नेला होता. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि फुगलेलं पोट घेऊन आला. आतडं फाटलं होतं. तो वाचला, पण त्याच्या पोटावरचा तो निळाजांभळा आडवा पट्टा मी विसरलेले नाही. त्या रात्री वाईला मी दर दोन तासांनी उठून मुलाच्या पोटावर हात ठेवून पाहत होते. तो ठणठणीत होता. सकाळी त्याने दोन थालीपीठं खाल्ली.

हे असं का होतं, ते समजून घेऊ. आपल्या कमरेवर दोन्ही बाजूंना हात ठेवून अंगठे पुढे सरकवलेत, तर हाडाचे दोन टोकदार उंचवटे हाताला लागतात. मोठ्या माणसाचा कमरेचा पट्टा याच उंचवट्यांच्या खाली, मांड्यांच्या वरच्या भागावर बसतो आणि धक्का बसला की तिथेच अडकून राहतो. सगळा जोर कमरेच्या भक्कम हाडावर येतो. लहान मुलांमध्ये हे उंचवटे पुरेसे वाढलेले नसतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ते तयार होत राहतात. त्यात मुलाची मांडी आखूड. गुडघे सीटच्या कडेला वाकत नाहीत, मग पाय खाली सोडायला मूल पुढे सरकतं, पाठ बाकदार होते आणि पट्टा पोटावर चढतो. पोटात त्याला अडवायला हाड नाही. पट्ट्याच्या मागे थेट आतडी, आणि त्यांच्या मागे पाठीचा कणा. जोराच्या धडकेत शरीर पट्ट्यावरून घडीसारखं दुमडतं आणि कधीकधी मणकाही मोडतो. त्या मोडण्याला 'चान्स फ्रॅक्चर' म्हणतात. नशिबाशी त्याचा काही संबंध नाही. चान्स नावाच्या ब्रिटिश रेडिओलॉजिस्टने १९४८ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव.

बूस्टर यात करतो एवढंच, की मुलाला उचलून धरतो. उंची वाढली की कमरेचा पट्टा मांड्यांवर येतो आणि खांद्याचा पट्टा गळ्यावरून हटून खांद्याच्या मधोमध बसतो. बूस्टर स्वतः मुलाला धरत नाही. धरतो तो गाडीचाच पट्टा, आणि तोही मूल सरळ बसलं असेल तरच. हार्नेसमध्ये मूल झोपलं, वाकलं, चिडलं तरी पट्टे जागेवर राहतात. बूस्टरमध्ये ही जबाबदारी मुलावर जाते. म्हणून हार्नेसमधून बूस्टरवर जाणं ही मुलाला वाटते तशी बढती नाही. संरक्षण त्यात एक पायरी कमीच होतं. सीटमध्ये मूल मावत असताना ती पायरी चढायची घाई कशाला करायची?

मग मी त्या बाबांना काय सांगितलं? आधी वजनकाट्यावर उभं केलं. भरलं १५ किलो ८०० ग्रॅम. बूस्टरचा विचार किमान १८ किलोनंतर करावा. आपल्याकडची बरीच मुलं या वजनाला पाच वर्षांच्या आसपास पोचतात, बारीक चणीची आणखी उशिरा. चार वर्षांच्या आत तर बूस्टर नकोच, वजन कितीही असो. पण १८ किलो झाले म्हणजे लगेच बदला, असंही नाही. सध्याची सीट लहान झाली आहे का, हा खरा प्रश्न. खांदे हार्नेसच्या सगळ्यात वरच्या खाचांच्या वर गेले, कानांची वरची कड सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला टेकली, किंवा वजन सीटच्या मर्यादेबाहेर गेलं, तर सीट लहान झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हाच आहे, की सीट परवानगी देते तोवर हार्नेस सोडू नका.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. काही सीटवर '९ ते ३६ किलो' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ पट्टे ३६ किलोपर्यंत चालतात असा नव्हे. अशा बऱ्याच सीटचा हार्नेस १८ किलोपर्यंतच असतो. त्यानंतर तो काढून तीच सीट बूस्टर म्हणून वापरायची. माहितीपुस्तिका फेकून दिली असेल तर सीटच्या बाजूचा स्टिकर वाचा. या बाबांकडे नेमकी तशीच सीट होती, म्हणजे नवीन काही विकत घ्यायचंच नव्हतं. ते जरा खट्टू झाले, कारण मुलाला दुकानात नेऊन बूस्टर दाखवून झाला होता!

वजन-उंची मोजता येते. स्वभाव मोजता येत नाही, आणि मी नेमकी तिथे चुकले होते. पट्टा काखेखाली न घालता, खाली पडलेलं खेळणं घ्यायला न वाकता, मागच्या काचेतून गाड्या बघायला न वळता मूल पूर्ण प्रवास बसू शकतं का? शाळेपर्यंतच्या दहा मिनिटांवरून हे कळत नाही. कोल्हापूर किंवा नाशिकच्या प्रवासात तिसऱ्या तासाला ते कसं बसतं, ते बघायला हवं. आणि झोपल्यावर? झोपेत कलंडणाऱ्या मुलाला बिनपाठीचा बूस्टर काही उपयोगाचा नाही. उंच पाठीच्या बूस्टरला दोन्ही बाजूंना आधार असतो आणि खांद्याचा पट्टा जागेवर ठेवायला खाच असते. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांच्या मागच्या सीटचं हेडरेस्ट बुटकं असतं, त्यासाठीही उंच पाठच बरी. फार चंचल मुलांना वजन पुरेसं भरलं तरी सीटच्या मर्यादेत शक्य तितके दिवस हार्नेसमध्येच ठेवा.

बूस्टर कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे असलेल्या जागीच ठेवायचा. जुन्या गाड्यांत मागे मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे तो चालत नाही. आणि मूल गाडीत नसेल तेव्हाही रिकाम्या बूस्टरला पट्टा लावून ठेवा, नाहीतर ब्रेक लागल्यावर तोच उडून कुणाच्या तरी डोक्यात बसायचा.

वाईहून परत निघताना माझी आई म्हणाली, "दे माझ्या मांडीवर, मी घट्ट धरते." तिचं प्रेम खरं, पण गणित वेगळं आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १७ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सव्वातीनशे किलोच्या वर जोर लागतो. आईला तांदळाची गोणीसुद्धा उचलवत नाही. बाबांचं म्हणणं, "आमच्या वेळी एका जीपमध्ये चौदा जण जायचो." गेले खरे. जे पोचले नाहीत, ते हे सांगायला आपल्यात बसलेले नसतात.

कायद्याचंही लोक विचारतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब मध्ये १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा व्यवस्था नसेल तर १००० रुपये दंड आहे. त्यातला 'किंवा' लक्षात घ्या. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावलात तर दंड होणार नाही, पण तो पट्टा बसणार पोटावरच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अपघातानंतर किंवा जोराच्या ब्रेकनंतर मुलाच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसला, पोट किंवा पाठ दुखत असेल, उलटी झाली, तर मूल खेळत असलं तरी त्याला हॉस्पिटलमध्ये दाखवा. आतड्याच्या इजेची लक्षणं दिसायला काही तास, कधी दिवसही लागतो. मी रात्रभर घरीच पाहत बसले, हे इतर कुणी सांगितलं असतं तर मी त्याला रागावले असते.

वाईहून आल्यावर मुलगा परत हार्नेसमध्ये गेला. चार दिवस रुसला. सहावं लागता लागता खांदे वरच्या खाचांच्या वर गेले, तेव्हा उंच पाठीचा बूस्टर घेतला. बूस्टर सोडायचा तो साधारण १४५ सेंटिमीटर उंची झाल्यावर, आणि तेव्हाही पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकत असतील, कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याचा खांद्यावर बसत असेल तरच. बहुतेक मुलांना त्याला दहा ते बारा वर्षं लागतात. त्यानंतरही तेरा वर्षांपर्यंत जागा मागचीच.

आता तो नऊ वर्षांचा आहे, १३१ सेंटिमीटर. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर त्याने स्वतःच १४५ची रेघ ओढून ठेवली आहे आणि दर रविवारी टाचा न उचलता (असं तो म्हणतो) तिथे उभा राहतो.