जिभेची साखर, रक्ताची साखर

मधुमेह झाल्याचे कळले की औषधाआधी सल्ले येतात. मला तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी झाला. तेव्हापासून कडुनिंब, बेल, जांभूळ ही यादी वाढतेच आहे. त्यातली सगळ्यांत गमतीची वनस्पती म्हणजे गुडमार, आपल्याकडची बेडकी.

तिचे पान मी स्वतः चावून पाहिले आहे. कडवट लागते. मग तोंडात साखर टाकली, तर चक्क वाळू! पानातली जिम्नेमिक आम्ले जिभेची गोडाची जाणीव काही वेळ अडवून ठेवतात. गुळाला मारते म्हणून गुडमार. पण जिभेला साखर कळली नाही म्हणून रक्तालाही कळत नाही, असे थोडेच आहे?

रक्तावर तिचा काहीच परिणाम होत नसेल, असेही नाही. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला, रोज ४०० मिलिग्रॅम. त्यांची साखर उतरली, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. आशा वाटावी असेच हे आहे. पण माझ्या एका वर्गात याच्या दुप्पट मुले असत!

पाल्याला हसू मात्र नये. मी रोज घेतो त्या मेटफॉर्मिनचे मूळही पाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वीपासून औषधी मानत. तिच्यातले गॅलेजिन साखर उतरवते, पण ते विषारी निघाले. त्याच्याच रासायनिक कुळातले मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झाले. १९५७ साली फ्रान्सच्या डॉ. ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष छापले. अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडले.

सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना एवढा धीर नव्हता. गोळ्या बंद, काढा सुरू. "सर, पाल्याने काय अपाय होणार?" असे म्हणायचे. पाल्याने झाला नाही, गोळ्या सोडल्याने झाला. साखर वाढली, पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला.

म्हणून विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो. पाला घ्यायचा तर डॉक्टरांना सांगून घ्या. गोळी आणि पाला मिळून साखर फार खालीही जाऊ शकते. गोळी आपल्या मनाने सोडू नका. आणि पान कडू लागले म्हणजे साखर उतरली, असे समजू नका. रक्त तपासा.