गच्चीवरचे वाटाणे

"सोलायला बसलीस की खायला?" हिवाळ्यात आईचं हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू यायचं. सासवडकडचे मटार स्वस्त झाले की पुण्यात आमच्या घरी पाच-पाच किलो येत. एका वर्षी आईने उरलेले दाणे गच्चीवर वाळत घातले. उसळीला वाटाणे विकत कशाला आणायचे, हा तिचा हिशेब. आठवड्याने पाहिलं तर दाणे पार चिंबलेले, आजीच्या हातांच्या कातडीसारखे. वाण्याकडच्या वाटाण्याचा टणक गरगरीतपणा औषधालाही नाही. उसळही गोडसर, भलतीच झाली. कावळे हाकलायला मी होते, त्यामुळे खापर माझ्यावर फुटलं: मी म्हणे ताट सावलीत सरकवलं. (सरकवलं होतं. ऊन मलाही लागत होतं.)

पुढे लग्न, कॅलिफोर्निया, दोन मुलं. बेचाळिसाव्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजात जेनेटिक्सच्या पहिल्या कोर्सला नाव घातलं. राज्यात अशी ११६ कॉलेजं. प्रवेशपरीक्षा नाही, रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर फी. संध्याकाळच्या वर्गात माझ्या एका बाजूला नर्सिंगला जाऊ पाहणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला साठीतल्या निवृत्त बाई. दोघंही माझ्यापेक्षा भराभर लिहून घेत.

तिसऱ्या आठवड्यात मेंडेल आला. ब्रनोच्या मठात त्याने १८५६ पासून वाटाण्यांचे संकर केले आणि, मला जास्त कौतुक याचं, दाणे मोजत बसला. संकरित रोपांच्या ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. तिनास एक हे शाळेत घोकलं होतं. पण 'सुरकुतलेले' या शब्दाशी मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा थबकले.

प्रॅक्टिकलला दोन्ही दाण्यांचं पीठ काचपट्टीवर घेऊन आयोडीनचा थेंब टाकला. गोल दाण्याचे स्टार्चकण निळेजांभळे, साबुदाण्यासारखे अखंड. सुरकुतलेल्याचे तडकलेले, चिराचिरा झालेले. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं. त्याच्या जीनमध्ये डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा उपरा तुकडा घुसून बसलाय, हे १९९० साली उलगडलं. दोन्हीकडून असा बिघडलेला जीन आला की स्टार्च नीट बनत नाही, साखर साठते, साखर पाणी ओढते आणि दाणा टम्म फुगतो. वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडते. अर्केलसारखे आपले गोड मटार याच कुळीतले. म्हणजे ज्या गोडीपायी मी सोलता सोलता फस्त करायचे, तिनेच आईची उसळ बिघडवली होती.

रविवारी फोन केला. "आई, ते गच्चीवरचे वाटाणे आठवतात? दोष उन्हाचा नव्हता. तो वाणच तसला. कितीही कडक उन्हात वाळव, सुरकुतणारच."

तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मग तू ताट सरकवलं नव्हतंस?"

"सरकवलं होतं."

"तेच म्हणतेय मी."